रोख रोज रात्री घरी जाते, मग हिशेब दुकानात का राहतात?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवसांनी मी ओळखीच्या एका औषधविक्रेत्याच्या दुकानात गेलो. लहान दुकानदारांना संगणक आणि हिशेबाची सॉफ्टवेअर लावून देणं हे माझं काम, म्हणून बोलावणं आलं होतं. माल तर गेलाच होता. संगणकाचा डबा चिखलातून उचलून तिरका केला, तर आतून गढूळ पाणी वाहिलं. मी विचारलं, "दादा, बॅकअप?" त्यांनी मोठ्या आशेने गल्ल्याचा खण ओढला. लाकूड फुगलं होतं, खण निघेना. निघाला तेव्हा आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हार्ड डिस्क होती आणि पिशवीतही पाणी होतं.

दादांनी एक दिवसही बॅकअप चुकवला नव्हता. रोज रात्री टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, बंद केली की डिस्क जोडायची, बॅकअप घ्यायचा, डिस्क गल्ल्यात ठेवायची. मग त्याच गल्ल्यातली रोख मोजून पिशवीत भरायची आणि ती घेऊन घरी जायचं. रोख घरी जात होती, सात वर्षांचे हिशेब आणि गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या दुकानात राहत होत्या.

ही चूक फक्त लहान माणसाची आहे असं वाटत असेल, तर दक्षिण कोरियाकडे बघा. २६ सप्टेंबर २०२५ ला देजोन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रं जिथे साठवली जायची, ती 'जी-ड्राइव्ह' नावाची यंत्रणा तिथे जळून गेली. ८५८ टेराबाइट माहिती होती, आणि तिची दुसरीकडे ठेवलेली प्रत नव्हती. आकार फार मोठा, म्हणून बाहेर बॅकअप घेता आला नाही, असं कारण सांगितलं गेलं.

## बॅकअप म्हणजे नेमकं काय?

घरात दही लावताना वाटीभर विरजण बाजूला काढून ठेवतात. पातेल्यातलं दही नासलं, मांजराने लवंडलं, तरी उद्याचं दही त्या वाटीतून लागतं. बॅकअप म्हणजे ते विरजण. पण वाटी पातेल्याच्या शेजारी ठेवली आणि मांजराने दोन्ही लवंडली तर? तेव्हा शेजारच्या काकूंकडे जावं लागतं, आणि त्यांच्याकडे असतं ते आपल्याच घरून गेलेलं असतं. दुसरं असं, की विरजण चांगलं आहे की बिघडलंय हे वाटीकडे बघून कळत नाही. दूध लावून सकाळी पाहिल्यावरच कळतं.

बॅकअपचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींत आहे: प्रत मूळ जागेपासून खरोखर लांब हवी, आणि तिच्यापासून सगळं परत उभं राहतं हे एकदा करून पाहिलेलं हवं. बाकीचा तपशील त्यानंतरचा.

## डिस्क विकत घेण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: किती गमावलं तर चालेल? समजा तुमच्या दुकानात दिवसाला १२० बिलं होतात आणि बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा आहे. म्हणजे २४० बिलं पुन्हा घालायची. कागदावरून एका बिलाला तीन मिनिटं धरली तरी बारा तासांचं काम झालं. ते झेपेल का? बिलाची कार्बन कॉपी तरी ठेवता का? ठेवत नसाल तर दोन दिवस म्हणजे फार झाले, बॅकअप रोज हवा. याउलट एखाद्या सुताराची महिन्याला चार कोटेशनं होत असतील, तर त्याला आठवड्याने घेतलेला बॅकअपही पुरतो.

दुसरा प्रश्न: किती वेळ बंद राहिलं तर चालेल? हा प्रश्न लोक विसरतात. दिल्लीच्या एम्सचं उदाहरण घ्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथल्या पाच सर्व्हरवर, म्हणजे बाकीच्या संगणकांना माहिती पुरवणाऱ्या मुख्य संगणकांवर, हल्ला झाला, सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. सुदैवाने एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून सुटला होता, त्यावरून रुग्णालयाच्या मुख्य यंत्रणेची माहिती परत मिळाली. पण बरीचशी कामं सुरळीत व्हायला दोन आठवडे लागले, तोवर नोंदणीपासून अहवालापर्यंत सगळं हाताने चाललं होतं. माहिती वाचली, तरी वेळ गेलाच.

तुमचा संगणक आज बंद पडला तर दुसरा कुठून येणार? त्यावर सॉफ्टवेअर कोण घालणार? लायसन्सची माहिती कोणाकडे आहे? बिलाचा प्रिंटर कोण जोडणार? ही उत्तरं कागदावर हवीत, कारण त्या दिवशी संगणक उघडून बघता येणार नाही.

आणखी एक. डेटा म्हणजे फक्त टॅली नव्हे. एक दिवस वही घेऊन बसा आणि धंद्याची माहिती कुठे-कुठे आहे ते लिहून काढा. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर असतात, मालाचे फोटो फोनमध्ये, दरपत्रकं एक्सेलमध्ये, जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर पुतण्याच्या फोनमध्ये. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीतच मोजला जातो. ती जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरली की व्हॉट्सॲपचा बॅकअप थांबतो, आणि फोनवर आलेली सूचना आपण बोटाने बाजूला सारतो.

## तीन प्रती, दोन प्रकार, एक बाहेर

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम आज जगभर पाळला जातो. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या जागी असावी. छायाचित्रकाराला हे सुचावं हे साहजिक आहे. एकदा होऊन गेलेलं लग्न पुन्हा लावता येत नाही.

लहान दुकानासाठी मी हा नियम असा बसवतो. एक प्रत चालू संगणकावर. दोन बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क घ्यायच्या, त्यांवर ठळक 'अ' आणि 'ब' लिहायचं. आज 'अ' वर बॅकअप घेतला की ती रोखीच्या पिशवीतून घरी जाते. उद्या घरून 'ब' येते, बॅकअप घेऊन रात्री तीच परत घरी. त्यामुळे एक डिस्क कायम घरी असते आणि दुसरी फक्त दिवसभर दुकानात. तिसरी व्यवस्था क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेत. घर आणि दुकान एकाच पूररेषेत असेल, तर क्लाउड नसून चालणारच नाही. चिपळूणच्या दादांचं घर बाजारपेठेतच, दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं.

दोन डिस्क कशाला, असं लोक विचारतात. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडच्या लाखो हार्ड डिस्कच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये त्यांच्याकडचं बिघाडाचं प्रमाण १.५७ टक्के होतं. त्या डिस्क थंडगार खोलीत, एका जागी स्थिर बसलेल्या असतात. आपली डिस्क पिशवीतून, स्कूटरच्या डिकीतून, खड्ड्यांतून प्रवास करते. आणि पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी ठीक आहे, वर्षानुवर्षं साठवण्यासाठी नाही.

क्लाउडचा बॅकअप आपोआप होतो म्हणतात, त्यात आपल्याकडे एक साधी अडचण येते. सॉफ्टवेअरमध्ये रात्री अकराची वेळ लावलेली असते आणि दुकानदार साडेनऊला मेन स्विच पाडून घरी जातो. बॅकअप महिनोन्‌महिने होतच नाही. मी हल्ली दुपारी दोनची वेळ लावतो, दुकान जेवणाला बंद असतं तेव्हा. फक्त जेवायला उठताना हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करून उठायचं, नाहीतर उघड्या फायलींची प्रत अर्धवट निघू शकते.

## "माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे की!"

हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. संगणकातलं एक फोल्डर गूगल ड्राइव्हला किंवा वनड्राइव्हला जोडलेलं असतं, इथे जे बदलेल ते तिथे आपोआप बदलतं. याला सिंक म्हणतात. सिंक म्हणजे आरसा. तुम्ही टिकली लावली की आरशातही लागते, पुसली की तिथूनही पुसली जाते. नोकराने चुकून फोल्डर उडवलं तर क्लाउडवरूनही उडतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस राहतं, मग तिथूनही जातं. मार्चमध्ये उडालेली फाइल जुलैत रिटर्न भरताना आठवली तर काय करणार?

आरसा आणि बॅकअप यांतला फरक मर्स्क या जहाज कंपनीला जबर किंमत देऊन कळला. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधून पसरला आणि मर्स्कचे जगभरचे संगणक काही वेळात निकामी झाले. आपल्या न्हावा शेव्यात, जेएनपीटीमधलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्यात कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, म्हणजे एक गेला तर दुसरा सांभाळेल. पण सगळेच एकदम जातील असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. दीडशे आरसे एकदम फुटले.

वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. त्या कार्यालयाचं इंटरनेट इतकं मंद, की तिथून माहिती पाठवायला दिवस लागले असते. डिस्क ब्रिटनला न्यायची होती, पण घानातल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी तिथला एक कर्मचारी डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि तो दुसरा माणूस ती घेऊन लंडनला पोचला. त्यावरून मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते तारेने कशालाच न जोडलेल्या एका प्रतीने.

## "आमच्यासारख्या लहानांच्या मागे कोण लागतंय?"

रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅम. तो तुमचं कपाट फोडून काही नेत नाही, कपाटावर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. हा माणूस दुकान बघून येत नाही. दारोदार कडी हलवत फिरणाऱ्यासारखं त्याचं काम चालतं, जिथे कडी उघडी तिथे तो शिरतो. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक असेच पकडले. त्याला अडवणारी विंडोजची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अपडेट करायचं राहून गेलेले संगणक असंख्य होते.

लहानांना वाट मोठ्यांमधूनही फुटते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर हल्ला झाला. ती सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून वेगळं काढलं आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले.

माझ्या ओळखीच्या एका छापखान्यात असा खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला तेव्हा मी सकाळी दहाला पोचलो. पडद्यावर लग्नपत्रिकांची फोल्डरं दिसत होती, नावं तीच, पण प्रत्येक फाइलच्या शेवटी कसलीतरी अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि एकही उघडत नव्हती. मालक म्हणाले, "घाबरायचं कारण नाही, डिस्क आहे." डिस्क होती, पण संगणकाच्या मागे कायमची जोडलेली. तिच्यातल्या फायलींनाही तीच अक्षरं चिकटलेली. जे संगणकाला दिसतं ते खंडणीखोरालाही दिसतं. विंडोज स्वतःहून ठेवते त्या जुन्या प्रती असे प्रोग्रॅम बहुधा आधीच पुसतात. लग्नसराई तोंडावर होती. मालकांनी गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर नमुना म्हणून पाठवलेली चित्रं मागवून घेतली आणि ती समोर ठेवून पत्रिका पुन्हा रचल्या.

म्हणून डिस्क बॅकअपपुरती जोडा, झाला की काढा. क्लाउड घेताना ज्यात फायलींच्या जुन्या आवृत्त्या राहतात आणि ज्याचा पासवर्ड दुकानाच्या संगणकावर साठवलेला नाही असं घ्या. आणि पैसे भरले की किल्ली मिळतेच, याची कोणी हमी देत नाही.

## जुन्या प्रती किती ठेवायच्या?

बिघाड नेहमी त्याच दिवशी लक्षात येत नाही. एखाद्या खात्याच्या नोंदी फेब्रुवारीत उडतात, कळतं सप्टेंबरात, सीए विचारतात तेव्हा. तुम्ही रोज त्याच बॅकअपवर नवा बॅकअप चढवत असाल तर चांगली प्रत केव्हाच पुसली गेलेली असते. म्हणून रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा आणि ३१ मार्चची एक, ती कायमची. टॅलीचा डेटा आकाराने लहान असतो, एवढ्या प्रतींना जागा सहज पुरते. जागतिक बॅकअप दिनही ३१ मार्चलाच असतो, आपल्या वर्षअखेरीच्या दिवशीच, त्यामुळे तारीख लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नाहीत.

कायद्याचंही थोडं. जीएसटीत हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, आणि अपघातात किंवा नैसर्गिक आपत्तीत नोंदी गेल्या तर वाजवी वेळेत परत आणता येतील असा बॅकअप ठेवा, असं नियम ५७ स्पष्ट सांगतो. तुमची नोंदणी कंपनी म्हणून असेल तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर हवा. मालकीच्या साध्या दुकानाला ही दुसरी अट लागू नाही.

## "क्लाउडवर टाकले तर माझे हिशेब दुसरं कोणी वाचेल"

शंका रास्त आहे. उत्तर असं, की पेटी आपल्या घरातच कुलूप लावून मग पाठवायची. याला एन्क्रिप्शन म्हणतात. चांगल्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, आणि घरी जाणाऱ्या डिस्कलाही ते कुलूप लावावं, कारण पिशवी रिक्षात राहू शकते. पण किल्ली हरवली तर तुम्हीही बाहेरच. टॅलीमध्ये या कुलपाला टॅलीव्हॉल्ट म्हणतात, त्याचा पासवर्ड विसरला तर तो डेटा उघडता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पासवर्ड कागदावर लिहा, पाकिटात घाला, दागिन्यांसोबत लॉकरमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ते सांगून ठेवा. मालक आजारी पडतात तेव्हा बॅकअप असूनही धंदा अडतो, तो याच पाकिटापायी.

वेळेचाही अंदाज घ्या. दोन जीबीचा डेटा सेकंदाला दहा मेगाबिटच्या वेगाने वर चढवायला अर्धा तास पुरतो. छायाचित्रकाराचे २०० जीबी त्याच वेगाने चढवायला जवळपास ४५ तास लागतात. परत उतरवताना वेग जास्त मिळाला तरी दिवस मोडतोच. ज्यांचा डेटा जड आहे त्यांनी परत उभं राहण्यासाठी घरच्या डिस्कवर भिस्त ठेवावी, क्लाउड पुरा-आगीसाठी.

## "सॉफ्टवेअरवाला बघतो की"

मीच तो सॉफ्टवेअरवाला, म्हणून सांगतो: सगळं त्याच्यावर सोडू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत, जिथे प्रोग्रॅमर लोकांचीच कामं साठवलेली असतात, एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत भलत्याच सर्व्हरवरचा डेटा उडवला. बॅकअपकडे धावले तर पाचांपैकी एकही पद्धत नीट चालत नव्हती. एक तर कित्येक दिवस अपयशी ठरत होती आणि तसं कळवणारे ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. सहा तास आधी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली, तिने निभावलं. त्यानंतरच्या सहा तासांतली माहिती गेली ती गेलीच.

म्हणून तीन महिन्यांतून एकदा बॅकअप परत आणून पाहायचा. घरचा लॅपटॉप चालेल. आधी दुकानातल्या चालू संगणकावरून तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या: शेवटच्या बिलाचा नंबर, आजची रोख शिल्लक, आणि कुठल्याही एका जुन्या गिऱ्हाइकाची उधारी. लॅपटॉपवर नवं रिकामं फोल्डर करा आणि बॅकअप तिथेच उतरवा. टॅलीतल्या चालू कंपनीवर, म्हणजे दुकानाच्या चालू हिशेबावर, चुकूनही उतरवू नका, नाहीतर ताजा डेटा जुन्याखाली दबेल. मग कंपनी उघडा आणि चिठ्ठी शेजारी धरा.

चिपळूणच्या दादांकडे नव्या दुकानात आम्ही हे पहिल्यांदा केलं, तेव्हा चार तास गेले. डिस्कचा पासवर्ड आठवेना, लायसन्सचा ईमेल मुलाच्या नावावर, मुलगा पुण्याला. दुसऱ्या वेळी पाकीट तयार होतं. दादांच्या मिसेसनीच सगळं केलं, मी नुसता बसून होतो. चाळीस मिनिटांनी त्यांनी चिठ्ठीवरचा बिल नंबर वाचला, पडद्यावरचा वाचला, आणि चिठ्ठीवर तारीख घालून ती पाकिटात ठेवली.